सभासद नंबर चौदा

१

दिनानाथ वारगुडे बाहत्तर वर्षांचा झाला, पण त्याच्या नावाची उधारीची चिठ्ठी कुठल्या वाण्याच्या खिळ्याला कधी लागली नाही. ही गोष्ट तो पेणेत ज्याला त्याला सांगे, आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सांगे. चाळीस वर्षं तो भाताच्या गिरणीत तराजूपाशी उभा राहिला. शाळा चौथीपर्यंत. सायकल घेतली ती रोख, घरावर पत्रे घातले ते रोख. टीव्ही सगळ्या आळीच्या शेवटी आला, पण रोख आला.

स्वतःसाठी नाही तशी दुसऱ्यासाठीही त्याने कधी कागदावर सही केली नव्हती. सख्खा मेव्हणा एकदा जामीन राहा म्हणून आला होता. त्याला दिनानाथने दारातच सांगितलं, "तुझं तोंड तुझ्या बहिणीखातर बघतो, तेवढं बस झालं." बिचारा चहा न घेता परत गेला. दिनानाथची बायको विमलबाई ही गोष्ट तीस वर्षं विसरली नव्हती. तोही विसरला नव्हता, फक्त तो ती कौतुकाने सांगायचा.

त्यांचा एकुलता मुलगा सखा, वय बत्तीस. पनवेलला एका गोडाऊनमध्ये होता, ते बंद पडलं. सहा महिने घरी बसून काढले आणि मग धाटावच्या एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपरची जागा निघाली. मुलाखत झाली, डॉक्टरी झाली, सगळं जमलं. शेवटी एक कागद राहिला. तो घेऊन सखा ओट्यावर बापाशेजारी येऊन बसला.

"हे काय आता?" दिनानाथने पेपरातून मान वर केली.

"क्रेडिट रिपोर्ट बघायला परवानगी द्यायची. माणसाचं कर्ज किती, हप्ते वेळेवर जातात का, ते बघतात. स्टोअरला महागाचा माल असतो ना, बाबा. कर्जात बुडालेला माणूस हात मारील, ही भीती."

"नोकरीवर माणूस ठेवतायत का लेक देतायत?"

"सगळ्यांचंच बघतात हल्ली."

"बघू दे की. आपल्या घरात बघायला काय हाय? कोरा कागद." दिनानाथने पेपर झटकून त्याची घडी घातली. "त्यांना म्हणावं, तो फ्रेम करून हापिसात लावा. असा दुसरा गावायचा नाय."

सखाने इंग्रजीत एका झटक्यात सही मारली. दिनानाथला ती सही कधीच आवडली नव्हती. शेपटी तुटलेल्या पालीसारखी दिसते, असं तो म्हणे.

२

आठवड्याने सखा धाटावहून परतला तो सरळ आत जाऊन पाणी प्यायला, आणि पाणी पिऊन झाल्यावरही तांब्या धरून तिथेच उभा राहिला.

"रिपोर्ट कोरा नाय निघाला," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मी अकरा ठिकाणी जामीन हाय."

दिनानाथ हसला. एकटाच हसतोय हे कळल्यावर थांबला. सखाने खिशातून दोन पानं काढली. सगळी कर्जं रोह्याच्या एका पतपेढीची होती. कुणाची चक्की, कुणाची म्हैस, कुणाचं दुकानाचं शटर. पहिलं सात वर्षांपूर्वीचं, शेवटचं गेल्या महिन्यातलं. प्रत्येकापुढे जामीनदाराचं नाव एकच. सखाने ते मोठ्याने वाचलं, "सखा दिनानाथ वारगुडे," आणि चुलीपाशी बसलेल्या विमलबाईने नकळत डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही आणि कानावर आलं तर पदर सावरायचा, ही तिची सवय. दिनानाथचा बाप सखा दिनानाथ वारगुडे. तो गेल्यावर वर्षाने पोरगा झाला, आजाच पोटी आला म्हणून नाव तेच ठेवलं. पुढे बापाचं नाव लागलं तेही तेच आणि आडनावही तेच. आजा आणि नातू कागदावर अक्षर न् अक्षर एक. विमलबाईने बत्तीस वर्षांत पोराला नावाने हाक मारली नव्हती. ती त्याला बाबू म्हणे.

"तू केलीस का सही कुणाला?" दिनानाथने विचारलं.

"मी ती पतपेढी बघितलेलीसुद्धा नाय, बाबा."

"मग कोणीतरी चोर हाय. आपल्या नावावर लोकांना कर्जं काढून देतो." त्याने चष्मा काढून पुसला. "आपल्या नावावर. म्हणजे चोरालाबी ठावं, हे नाव चालतं."

विमलबाईने त्याच्याकडे बघितलं. एवढ्यातही याला छाती फुगवायची हौस, असं ते बघणं होतं.

३

दुसऱ्या दिवशी दिनानाथ स्वतः धाटावला गेला. एस.टी.ने रोहा, तिथून शिफ्टच्या माणसांनी भरलेल्या टमटममधून कंपनीचं गेट. रखवालदाराशी पंधरा मिनिटं भांडला तेव्हा आत सोडलं.

भरतीचं काम बघणारी बाई अनीसा, रोह्याचीच. तिचा बाप कुवेतला असतो हे तिने न विचारताच सांगितलं, कारण दिनानाथने बसल्याबसल्या "तू कोणाची गो?" म्हणून विचारलं होतं. खोली काचेची, गार, आणि गारव्यातही बाहेरचा उग्र वास थोडा आत शिरलेला. भिंतीतल्या मशीनमधून पाणी थेंब थेंब बादलीत पडत होतं.

"काका, एक सांगू? रेकॉर्ड वाईट नाही," अनीसा म्हणाली. "अकरा कर्जं आणि एकाचाही हप्ता एक दिवस चुकलेला नाही. मी तीन वर्षं हे रिपोर्ट बघतेय, असा बघितला नाही. कोणीतरी मागे उभं असल्यासारखं फेडतायत लोक."

"मग अडलं कुठं?"

"जामीन म्हणजे देणंच धरतात. आज फेडतात, उद्या नाही फेडलं तर तुमच्या मुलाच्या गळ्यात. साहेबांचा नियम आहे, स्टोअरला असा माणूस नको. महिनाअखेरपर्यंत जागा मी थांबवून ठेवते. तेवढ्यात पतपेढीकडून पत्र आणा, की ह्या कर्जांशी सखाचा संबंध नाही."

महिनाअखेरीला आठ दिवस होते. दिनानाथ उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "माझं बी बघ जरा त्यात. दिनानाथ सखा. कोरं दिसेल."

"तसं नाही बघता येत, काका."

"बघितलं असतंस तर बरं वाटलं असतं तुला," तो म्हणाला आणि गेला.

४

पतपेढी रोह्यात बाजाराच्या तोंडाशी, एका औषधाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद. वर एक लांब खोली, मधोमध बाकडं, समोर काउंटर. काउंटरमागे एक दार, अर्ध्या उंचीपर्यंत दुधी काचेचं. त्यापलीकडे कर्जाचे कागद होत. सारखा शिक्का आपटल्याचा आवाज येई, दोन आपट शाईवर, एक कागदावर.

काउंटरवर अस्लम नावाचा कारकून होता, पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी. दिनानाथने दोन पानं त्याच्यासमोर टाकली आणि जे बोलायचं ते पायरीवरूनच बोलायला सुरुवात केली होती, ते पुरं केलं. अस्लमने सगळं ऐकून घेतलं आणि एक फाईल आणली.

"चोर नाय काका. सभासद नंबर चौदा. पतपेढी निघाली तेव्हाचे जुने सभासद. सखा दिनानाथ वारगुडे, मुक्काम खांब."

"तो माझा बाप."

"तेच तर. आमचं जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवलं तेव्हा जन्मतारखेत एक जून होतं, साल कसरीने खाल्लेलं. तुमच्या मुलाची तारीख काय?"

दिनानाथने सांगितली. एक जून. शाळेत नाव घालताना मास्तरांनी आपल्या मनाने टाकलेली, गावातल्या निम्म्या पोरांची असते तशी.

"झालं तर. नाव एक, तारीख एक. मशीनने दोघांचा एक माणूस केला." अस्लमने फाईल उघडली. "बाकी कागद चोख हायत. ही बघा सही."

दिनानाथने बघितली, आणि खुर्ची नसताना मागे हात नेला.

त्याचा बाप, घरातला आबा, म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात सही शिकला होता. पण उलटी शिकला. लोक अक्षरं काढून वर रेघ देतात. आबा आधी रेघ मारायचा, लांबलचक, आणि मग तिला अक्षरं टांगायचा, दोरीवर धोतर वाळत घातल्यासारखी. एखादं अक्षर रेघेपर्यंत पोचायचंच नाही, खाली लोंबकळत राहायचं. इथे 'खा' लोंबकळत होता. अकराही कागदांवर. शेवटच्या कागदावरची शाई अजून निळीशार होती.

नक्कल, दिनानाथच्या मनाने सांगितलं. जुनी सही बघून कोणीही काढील. पोरंसुद्धा काढतील.

"हे कोण येऊन करतो?" त्याने विचारलं.

"तुमचे वडीलच की." अस्लमला प्रश्नच कळला नाही. "मंगळवारी मंजुरी असते, तेव्हा येतात. ज्यांना जामीन मिळत नाय ती माणसं त्या बाकड्यावर बसलेली असतात, त्यांच्यात बसतात. फार बोलत नाय. वय झालंय, पण हात बघा किती स्थिर."

"माझा बाप शहाऐंशी साली गेला."

आत शिक्का दोनदा आपटला. तिसरी आपट यायला वेळ लागला, मग आली.

"मग दुसरे कोण असतील," अस्लम म्हणाला. पण ते म्हणताना त्याने बाकड्याकडे बघितलं नाही. फाईल मिटून त्याने दोरा दोनदा गुंडाळला. "तुम्ही मृत्यूचा दाखला आणा, काका. मंगळवारच्या आत. मग बघू."

५

सोमवारी दिनानाथ खांबला गेला. गाव हायवेला लागून, पण ग्रामपंचायत आत. ग्रामसेवकाने जुनं बाड काढलं, नोंद मिळाली. खबर देणाऱ्याच्या रकान्यात दिनानाथची स्वतःची, अडतीस-एकोणचाळीस वयातली सही होती. म्हणजे त्यात शंका नव्हती. सगळं त्यानेच केलं होतं. आबाचे पायाचे अंगठे त्यानेच पांढऱ्या दोऱ्याने एकत्र बांधले होते, आणि नंतर त्याच्या चामडी वहाणा त्यानेच कुंडलिकेत सोडल्या होत्या. त्या वहाणा फार कर्रकर्र वाजायच्या. पाण्यात गेल्यावर मुक्या झाल्या तेव्हा दिनानाथ प्रथम रडला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

दाखला पिशवीत घालून तो परत निघाला तर रस्त्यावर चक्कीची घरघर ऐकू आली. यादीतलं एक नाव त्याला आठवलं. हौसा. तांदळाचे पापड करून पेणेत विकायची, मधूनमधून गिरणीत कण्या घ्यायला यायची. पिठाने भुवयांपर्यंत पांढरी झालेली हौसा त्याला बघून बाहेर आली.

"दिनूभाव? तराजू सोडून इकडं कुठं?"

"तुझा जामीन कोण, ते विचारायला आलोय."

"घ्या. तुमच्याच घरातला, नि तुम्हालाच ठावं नाय?" ती पदराने तोंड पुसत हसली. "नवरा गेला तेव्हा मी चार दारं फिरले जामिनासाठी. तुमच्याबी दारात आले होते, आठवतंय? विमलवहिनीनं पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, 'सही सोडून काय बी माग.' मी म्हटलं, मग काय डोंबल मागू?"

दिनानाथला आठवत होतं. त्याने चक्कीकडे बघितलं.

"मग बसले रोह्याला बाकड्यावर रडत," हौसा म्हणाली. "शेजारी म्हातारा येऊन बसला. म्हणाला, 'बाई, फेडशील ना?' मी म्हटलं, फेडीन. म्हणाला, 'मग झालं.' येवढंच. नाव गाव काय नाय विचारलं. उठला नि आत गेला. गुडघे दुखत असणार बिचाऱ्याचे. पावलं कशी, चिमणीएवढी टाकतो. वहाणा वाजतात नि माणूस पुढंच जात नाय."

"तो फसवा माणूस हाय, हौसा."

"असंल." तिचा चेहरा एकदम बंद झाला. "पन त्याची आठवन आली की हप्ता चुकवायला हात धजत नाय. पोटाला चिमटा घेईन, पन पहिल्या तारखेला रोह्याला जाते. तुम्ही जामीन काढून घ्यायला आलात काय? चक्की नेतील मग माझी. मला दुसरं कोण उभं राहनार नाय. तुम्ही राहाल?"

एस.टी. आली, असं म्हणून दिनानाथ निघाला. एस.टी. अजून आलेली नव्हती, ते दोघांनाही दिसत होतं.

६

मंगळवारी दुपारी बारा वाजता तो पतपेढीचा जिना चढला. बाहेर कडक ऊन, खाली औषधवाल्याचा रेडिओ, समोर केळीवाला ओरडतोय. भिण्यासारखं त्यात काही नव्हतं. दिनानाथने ते स्वतःला दोन वेळा सांगितलं.

अस्लमने दाखला हातात घेऊन वाचला, उलटा करून मागे बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"काका, एक अडचण हाय. मशीनमध्ये ह्या नावाचा माणूस एकच. मी मयत टाकलं, की मयत झाला तो. त्यातला कोणता, ते मशीनला कळत नाय. कंपन्या बघतात त्या वरच्या यादीत तुमच्या मुलाच्या नावापुढे मयत लागलं, तर कंपनी मेलेल्याला कामावर घेणार नाय. ते निस्तरायला वर्ष जाईल. आणि ही अकरा माणसं जामिनावाचून उघडी पडतील ती वेगळी."

"नाय टाकलं तर?"

"तर हाय तसंच. मुलगा अकरा ठिकाणी जामीन." अस्लमने दाखला काउंटरवर ठेवून त्यावर पेपरवेट ठेवलं. "तुम्ही सांगाल तसं. बसा, विचार करा."

बाकड्यावर तीन माणसं होती. एक पोक्त बाई मांडीवर पिशवी घेऊन, दोन पुरुष. दिनानाथ टोकाला बसला. विचार करायला त्याला उसंत मिळाली नाही, कारण जिन्यात आवाज आला.

कर्र. कर्र. कर्र. कर्र.

फार जवळजवळ. माणूस जिना चढताना एवढ्या वेळात तीन पायऱ्या येतो. हा आवाज एकाच पायरीवर पाच-सहा वेळा वाजत होता. दिनानाथने मान वळवायची नाही असं ठरवलं. चोर असेल तर पकडायला हवा, हे त्याला समजत होतं. त्यासाठी उठायला हवं, हेही समजत होतं. चाळीस वर्षं दोन मणांची पोती ज्याने हलवली, त्याला स्वतःची मान हलवता येईना. त्याने समोरच्या भिंतीवरचं सभासदांच्या बैठकीची नोटीस वाचायला घेतली आणि एकच ओळ वाचत राहिला.

आवाज त्याच्या मागून गेला. जुन्या चामड्याचा वास आला, ओल्या चामड्याचा. दुसऱ्या टोकाला बसलेली बाई सरकली, जागा करून दिली तशी. कोणीतरी बसलं. बाकडं किंचितही वाकलं नाही.

"फेडशील ना?" असं काहीतरी कोणीतरी म्हणालं. बाई म्हणाली, "व्हय."

मग ती उठली, आणि तिच्याबरोबरचं उठलं, आणि दोघं दुधी काचेच्या दाराकडे गेली. तेव्हा दिनानाथने बघितलं. दार लागता लागता, हातभर फटीतून. पांढरं धोतर, वाकलेली पाठ, टेबलावर उजवा हात. हाताने कागदावर डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ ओढली. सावकाश. मग तिला एक अक्षर टांगलं.

दिनानाथची नजर खाली गेली, कारण वर बघायची हिंमत नव्हती. वहाणा एकमेकींना चिकटून होत्या. दोन्ही अंगठे बाहेर आलेले, आणि अंगठ्यांना गुंडाळलेला दोरा. मळून काळा झालेला. गाठ दिनानाथच्याच हातची, पोत्याचं तोंड बांधतात तशी. दुसरी गाठ त्याला येतच नव्हती.

दार लागलं. शिक्का आपटला.

७

अस्लम त्याच्यासमोर पाणी घेऊन उभा होता. दिनानाथने पाणी घेतलं नाही.

"किती वर्षं येतो हा?"

"मी लागलो त्याच्या आधीपासून, काका. कागदावर सात, कारण कॉम्प्युटर सात वर्षांचा."

म्हणजे तेहतीस वर्षं, दिनानाथने हिशेब केला. बांधलेल्या पायांनी. खांबपासून रोह्यापर्यंत, चार बोटांच्या पावलांनी, दर मंगळवारी, कुणाचा कोण त्या माणसांसाठी. आबा जिवंत होता तेव्हाही हेच करायचा. कोणीही आलं की, चल, देतो सही. दिनानाथ तेव्हा तरणा होता, त्याला लाज वाटायची. एकदा चारचौघांत तो बापाला म्हणाला होता, "तुमची सही म्हणजे गावचं जातं, कोणीबी यावं नि दळावं." त्या दिवसापासून दिनानाथने आपला कागद कोरा ठेवला होता, आणि त्याच कोऱ्या कागदाची फुशारकी पेणभर मिरवली होती.

अकरा घरं. एकही हप्ता चुकलेला नाही. कंपनीतली ती पोरगी म्हणाली होती, असा रिपोर्ट बघितला नाही. भीती अजून गेली नव्हती, पण छातीत दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते आवरायचं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"बघितलंस अस्लम," तो म्हणाला, "पत काय असती ती? माणूस मरून तेहतीस वर्षं झाली, अजून त्याच्या सहीवर चक्क्या फिरतात. आहे कुणाच्या बापाची?"

"नाय, काका."

"नाय ना? मग हे घे." त्याने पेपरवेट उचलून दाखला काढला, चार घड्या केल्या आणि पिशवीत घातला. "मयत कोणाला टाकायचं नाय. जामीनदार बदलता येतो?"

"येतो. जुन्याच्या जागी नवा. सभासद व्हावं लागेल, मिळकत दाखवावी लागेल. घरचाच असला तर सोपं."

"मला कर सभासद."

अस्लम त्याच्याकडे बघत राहिला. "काका, अकराच्या अकरा? एक बुडाला तरी तुमचं घर—"

"बुडनार नाय. आणि आता आत झाला तो बारावा बी घाल."

कागद तयार व्हायला तीन वाजले. दिनानाथने बारा ठिकाणी सही केली. त्याला सवय नव्हती. पहिली सही करताना पेन कागदात रुतलं, पाचवीनंतर हात मोकळा झाला. बारावी करताना जिन्यात पुन्हा तो आवाज सुरू झाला, खाली जाणारा. कर्र, कर्र. मग मध्येच, जिन्याच्या अर्ध्यावर, दोरा तुटल्यासारखा बारीक आवाज आला. आणि नंतर लांब लांब पावलं. भराभर. एका वेळी दोन-दोन पायऱ्या घेत कोणीतरी उन्हात निघून गेलं.

दिनानाथने मान वर केली नाही. सहीखाली टिंब दिलं आणि पेनाला टोपण लावलं.

पतपेढीचं पत्र अनीसाने ठेवून घेतलं. सखाच्या नावावरची कर्जं उतरली. पहिल्या तारखेला तो धाटावला कामावर हजर झाला, पहिली शिफ्ट, सहा ते दोन.

८

पुढे महिना बरा गेला. दिनानाथ आता दुसरी गोष्ट सांगायचा. आपण बारा ठिकाणी जामीन आहोत आणि बाराही माणसं खणखणीत आहेत, ही. मान डोलावली नाही तर ती पुन्हा सांगायचा. विमलबाईने मेव्हण्याचा विषय मुद्दाम दोनदा काढला, तर म्हणाला, "त्यालाबी सांग ये म्हणून, बघू त्याची लायकी." रोह्याला मात्र तो पुन्हा गेला नव्हता. काम काय होतं तिथे?

मंगळवारची दुपार होती. जेवण झालं होतं. दिनानाथ ओट्यावर खांबाला टेकून बसला होता, समोर विमलबाई सुपात वाल निवडत होती. फोन वाजला.

"काका, अस्लम बोलतोय. तुम्ही सही न करताच खाली उतरलात. वर या जरा, बाई खोळंबल्यात."

दिनानाथने फोन कानापासून दूर धरून बघितला, पुन्हा कानाला लावला.

"कोण उतरलं?"

"तुम्ही हो. आत्ता बाकड्यावर नव्हता बसलात? तब्येत बरी नाय का काय, म्हणून मी..." अस्लमचा आवाज फोनपासून लांब गेला. "हां, हां, आलात का? या, या काका. बसा. पाणी घ्या." मग काहीच नाही. फक्त शिक्का. दोन आपट, आणि तिसरी येईना. अस्लमचा श्वास मात्र अगदी जवळ ऐकू येत होता. "काका," तो फोनमध्ये म्हणाला, अगदी हळू. "तुम्ही कुठून बोलताय?"

पेणेच्या घराच्या ओट्यावर ऊन चपलांपर्यंत आलं होतं. सुपात वाल खळखळले. दिनानाथने आपला हात उलटा करून बघितला, बोटं मिटली, उघडली. हात त्याचाच होता.

"बाई कोण हाय?" त्याने विचारलं.

"क... काय?"

"बाई कोण ती, जिला जामीन पायजे?"

"मालू म्हणून. खांबची. शिलाई मशीनसाठी."

मालूला तो ओळखत होता. तिचा बाप गिरणीत यायचा, माप कमी भरलं तर बोलायचा आणि जास्त भरलं तरी बोलायचा. त्या घरच्यांनी कोणाचं देणं कधी ठेवलेलं नव्हतं.

"चांगली माणसं हायत," दिनानाथ म्हणाला. "सही करतोय त्याला करू दे."

त्याने फोन ठेवला. विमलबाईने सूप थांबवून विचारलं, "कोण होतं?"

"रोह्याचा अस्लम." दिनानाथ खांबाला टेकलेली पाठ सोडून ताठ बसला. "आपल्या सहीवाचून अडतंय म्हणतो लोकांचं."

"मग जाताय का आता उन्हाचे?"

"नाय," तो म्हणाला. "गेलोय."